ऑस्लो–बर्गन रेल्वे: कधी जावे, कुठे बसावे, कुठे उतरावे

नॉर्वेची सहल आखताना आपल्याकडचे बरेच लोक ऑस्लो ते बर्गन हा टप्पा विमानाने उरकतात, कारण विमान तासाभराच्या आत पोहोचवते आणि रेल्वेला साडेसहा ते सात तास लागतात. हातात मोजके दिवस असताना हा हिशेब कुणालाही पटेल, पण तो अपुरा आहे. विमानतळ गाठणे, तपासणीच्या रांगा, सामानाची वाट पाहणे आणि पुन्हा शहरात येणे हे सगळे धरले, तर विमानाच्या प्रवासातही अर्धा दिवस जातोच, आणि त्या अर्ध्या दिवसात नॉर्वेचे फारसे काही दिसत नाही. रेल्वेच्या दिवसात मात्र राजधानीच्या उपनगरांपासून शेती, जंगल, झाडोरा संपलेले उघडे पठार, हिमनदी आणि शेवटी समुद्राचे खारे पाणी असा देशाचा आडवा छेद खिडकीतून क्रमाने दिसत जातो. मी या गाडीने उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन गेले आहे आणि हिवाळ्यात एकटीनेही गेले आहे. उत्तर युरोपात लांब पल्ल्याचा एकच रेल्वेप्रवास करायचा असेल तर तो हाच करावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र नुसते तिकीट काढून गाडीत बसल्याने हा अनुभव पदरात पडेलच असे नाही. दिवसाची कोणती गाडी घेतली, कोणत्या बाजूची जागा धरली आणि वाटेत कुठे मुक्काम केला, यावर फार काही अवलंबून असते. म्हणून सेवेची नुसती वाखाणणी करण्यापेक्षा या गोष्टी नीट मांडाव्यात, असे वाटले.

आधी मार्गाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तो कुठून जातो हे कळल्याशिवाय पुढच्या सूचनांचा अर्थ लागणार नाही. बर्गन ते वॉस हा पश्चिमेकडचा तुकडा १८८३ मध्येच अरुंद मापाची रेल्वे म्हणून सुरू झाला होता. पण मधले डोंगर ओलांडून पूर्वेशी जोडणारी अखंड लोहमार्गाची रेघ पूर्ण व्हायला नोव्हेंबर १९०९ उजाडला. उद्घाटन राजे सातवे होकोन यांच्या हस्ते झाले. जिथे रस्तासुद्धा नव्हता अशा उंच पठारावर कामगारांनी आधी सामान वाहून नेण्यासाठी रस्ता बांधला आणि मग रूळ टाकले. म्युरदाल या डोंगरातल्या स्थानकाजवळचा ग्रावहाल्स बोगदा ५,३११ मीटर लांबीचा आहे आणि तो त्या काळच्या साधनांनी कठीण खडकातून खणलेला आहे. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. आज या मार्गावरच्या गाड्या ‘वी’ ही कंपनी चालवते. जुन्या प्रवासवर्णनांत आढळणारी ‘एनएसबी’ हीच कंपनी असून २०१९ मध्ये तिचे नाव बदलले. रूळ आणि स्थानके यांची जबाबदारी ‘बाने नोर’ या वेगळ्या सरकारी कंपनीकडे आहे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण मार्गबंदीची माहिती शोधताना दोन्ही नावे समोर येतात.

तिकिटाबाबत पहिली गोष्ट अशी की भाडे ठरलेले नसते. विमानाप्रमाणेच मागणीनुसार ते वाढत जाते. काही महिने आधी काढलेले तिकीट काहीशे क्रोनरमध्ये मिळते आणि तेच प्रवासाच्या आदल्या दिवशी, विशेषतः जुलैत, हजार क्रोनरच्या पुढे जाते. एक क्रोनर साधारण आठ-नऊ रुपयांचा धरला तर चौघांच्या कुटुंबाला हा फरक किती पडेल हे सांगायला नको. स्वस्त तिकीट बहुधा परत करता येत नाही. तेव्हा व्हिसा हाती येण्यापूर्वी ते काढायचे की थांबायचे, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावा. मी स्वतः व्हिसा मिळाल्यावरच तिकीट काढते आणि म्हणून व्हिसाचा अर्ज शक्य तितका आधी करते. ६७ वर्षे पूर्ण झालेल्यांना सवलतीचे भाडे आहे, पण आगाऊ स्वस्त तिकीट कित्येकदा त्याहूनही कमी पडते, त्यामुळे दोन्ही ताडून पाहावे. तिकीट ‘वी’च्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर काढता येते. ‘एन्तुर’ हे देशभरातील सार्वजनिक वाहतुकीचे सामायिक अॅपही चांगले आहे. त्यावर रेल्वे, बस आणि बोट यांची वेळापत्रके एकत्र दिसतात. भारतीय कार्डाने पैसे भरायचे असतील तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहारांची सोय चालू केलेली असावी लागते, आणि ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येत असल्याने हे सर्व घरूनच उरकून घेणे सोयीचे. नॉर्वेत यूपीआयवर विसंबून राहू नये. मात्र कार्ड इतके सर्वत्र चालते की रोख क्रोनर काढण्याची वेळ क्वचितच येते.

साधा वर्ग आणि त्याहून वरचा ‘प्लस’ वर्ग यांत माझ्या मते साधाच घ्यावा. प्लसमध्ये जागा थोडी ऐसपैस असते, चहा-कॉफी मिळते आणि गर्दी कमी असते, पण खिडकीबाहेरचे दृश्य तेच असते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा ज्यांची उंची बरीच आहे, त्यांनी वरच्या वर्गाचे पैसे भरायला हरकत नाही. लहान मुलांसाठी खेळण्याची जागा असलेला कुटुंबांचा डबा असतो आणि तो खरोखर उपयोगी आहे. याउलट शांततेचा डबाही असतो. तिथे फोनवर बोलणे तर नाहीच, आपसात मोकळ्या आवाजात गप्पा मारणेही अपेक्षित नसते. पाच-सहा जणांचा मराठी गट असेल तर त्या डब्यातल्या जागा चुकूनही निवडू नयेत. त्यात आपलीही कुचंबणा आणि इतरांचीही.

आता वेळ आणि ऋतू. हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी घ्यावी, दुसरा विचार करू नये. डिसेंबरात बर्गनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आसपास मावळतो. सकाळी आठ-साडेआठला ऑस्लोहून निघालेली गाडी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान उंच पठारावर असते, म्हणजे जे पाहायचे ते उजेडात दिसते. दुपारची गाडी घेतली तर पठार येईपर्यंत काळोख झालेला असतो आणि काचेत स्वतःचेच प्रतिबिंब पाहत बसावे लागते. मे ते जुलैत हा प्रश्न येत नाही, कारण जूनच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहापर्यंत स्वच्छ उजेड असतो. बर्फाचे पठार आणि हिरवी दरी एकाच दिवशी पाहायची असतील तर मेचा उत्तरार्ध ते जूनचा पूर्वार्ध हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. पठारावरच्या फिन्से स्थानकाला तेव्हा अजून बर्फ असते, खालच्या खोऱ्यांत सफरचंदाची झाडे फुलण्याचा हंगाम असतो, वितळत्या बर्फामुळे धबधबे भरलेले असतात आणि जुलैची गर्दी सुरू झालेली नसते.

बसायच्या बाजूविषयी इंटरनेटवर उलटसुलट सल्ले मिळतात, त्याचे कारण असे की एकच बाजू संपूर्ण प्रवासात सरस ठरत नाही. ऑस्लोहून बर्गनकडे जाताना फिन्सेपर्यंत डावी बाजू चांगली, कारण हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी मार्गाच्या दक्षिणेला आहे. फिन्सेनंतर उजवी बाजू सरस ठरते, कारण म्युरदालजवळ खाली उतरत जाणारी फ्लोमची दरी उत्तरेला दिसते आणि पुढे वॉस ते बर्गनच्या अलीकडचे आर्ना या टप्प्यात फियॉर्डचे, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीचे, पाणी उजव्या हाताला राहते. मला निवड करायची झाली तर मी डावी बाजू घेते आणि फिन्से सोडल्यावर उठून डब्याच्या टोकाच्या दाराशी, उजव्या खिडकीजवळ उभी राहते. गाडीत असे उभे राहणारे इतरही असतात आणि कुणी त्याला हरकत घेत नाही. आरक्षण करताना अॅपवर डब्याचा नकाशा दिसतो. काही जागांच्या शेजारी खिडकीऐवजी दोन खिडक्यांमधला खांब येतो, तेवढे नकाशात पाहून टाळावे.

सुरुवातीचे दोन-अडीच तास देखणे असले तरी संथ आहेत. ड्रामेन, ह्योनेफॉस, मग हालिंगदालचे लांबच लांब खोरे, नदीकाठची लाकडी घरे आणि नेस्ब्युएन, गोल, ओल ही छोटी स्थानके. पुस्तक वाचायचे, डुलकी काढायची किंवा डबा उघडायचा तर तो याच टप्प्यात. यायलो हे स्कीइंगचे गाव ७९४ मीटर उंचीवर आहे आणि तिथून पुढे मात्र फोन खिशात ठेवून खिडकीकडे वळावे. झाडे आधी खुजी होतात, मग विरळ होतात आणि उस्ताओसेत, हौगास्तोल ही स्थानके मागे पडता पडता जवळजवळ नाहीशी होतात. उरते ते दगड, तळी, शेवाळाचे पिवळट-तांबूस पट्टे आणि ऋतूप्रमाणे कमी-अधिक बर्फ. मध्येच रुळांवर लाकडी छपरे येतात. वाऱ्याने वाहून येणारे बर्फ रुळांवर साचू नये म्हणून बांधलेली ही हिमछते आहेत. त्यांच्या फळ्यांच्या फटींतून उजेड इतक्या वेगाने चमकत जातो की डोळे दिपतात. आणि छप्पर संपले की एकदम समोर पांढरे पठार येते.

हौगास्तोल ते फिन्से हाच या मार्गाचा गाभा आहे. अनेकांना वाटते की फिन्से हा मधला टप्पा आहे आणि सर्वोत्तम भाग पुढे यायचा आहे. प्रत्यक्षात १९९० च्या दशकात फिन्सेच्या पश्चिमेला दहा किलोमीटरांहून लांब बोगदा झाला आणि जुना उघड्यावरचा मार्ग बंद झाला. मार्गाचा सर्वोच्च बिंदू, १,२३७ मीटर, आता त्या बोगद्याच्या आत आहे. हिवाळ्यात गाड्या अडकण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले आणि रेल्वेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, परंतु पाहणाऱ्याने हे ध्यानात घेऊन जे पाहायचे ते फिन्सेपूर्वी पाहून घ्यावे.

फिन्से स्थानक १,२२२ मीटर उंचीवर असून नॉर्वेच्या रेल्वेवरचे सर्वांत उंच स्थानक आहे. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही. रेल्वेने यायचे, नाहीतर पायी, सायकलने किंवा स्कीवरून. उंचीचा आकडा वाचून आपण फसतो, कारण महाबळेश्वर याहून उंच आहे आणि तिथे फार तर स्वेटर लागतो. पण फिन्से साठाव्या अक्षांशाच्याही किंचित उत्तरेला आहे, आणि जुलैतही तिथे तापमान दहा अंशांच्या खाली असणे नेहमीचे आहे. सासूबाईंबरोबर गेले होते तेव्हा गाडी फिन्सेला थांबली आणि आम्ही दोघी फलाटावर उतरलो. ऑस्लोत सकाळी सुती कपड्यांत घाम येत होता; इथे दारातून बाहेर पाऊल टाकताच वाऱ्याने पदर पोटाशी घट्ट धरावा लागला. समोर तळे, त्यावर तरंगणारे बर्फाचे राखाडी तुकडे आणि पलीकडे हिमनदीची बोथट, निळसर कड. फलाटावर पाठीवर मोठ्या सॅक घेतलेली तरुण मुले उतरून मुकाट्याने वाटेला लागत होती. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही लेकरं इथं राहणार कुठं?” शेजारी उभ्या असलेल्या तिकीट तपासनीस बाईंना आमच्या बोलण्याचा रोख कळला असावा, त्यांनी हसून स्थानकालगतच्या हॉटेलकडे आणि पलीकडच्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्याकडे बोट दाखवले. तो निवारा नॉर्वेजियन ट्रेकिंग असोसिएशनचा आहे. ही संस्था १८६८ मध्ये स्थापन झाली आणि देशभरातील डोंगरवाटा व निवारे सांभाळते. याच फिन्सेला १९१४ मध्ये ध्रुवप्रदेशांचे शोधक शॅकल्टन यांनी अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी नेण्याच्या मोटार-घसरगाड्यांची चाचणी घेतली होती. इथला वारा अंगावर घेतल्यावर त्यांनी हीच जागा का निवडली असावी, हे वेगळे सांगावे लागत नाही. थांबा काही मिनिटांचाच असतो. उतरायचे असेल तर जाड जॅकेट वरच्या फळीवर न ठेवता हाताशी ठेवावे, दारापासून दूर जाऊ नये आणि तपासनिसाकडे लक्ष ठेवावे.

म्युरदालला, ८६७ मीटरवर, फ्लोमला उतरणारी रेल्वे मिळते. तिची लांबी जेमतेम २० किलोमीटर, पण तेवढ्यात ती साडेआठशे मीटरांहून अधिक खाली उतरते. सर्वांत तीव्र चढ हजारास ५५, म्हणजे सुमारे अठरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय, साध्या चाकांच्या पकडीवर. वीस बोगद्यांपैकी बहुतेक हाताने खणलेले आहेत. वाटेत क्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटे थांबते आणि सगळे प्रवासी लाकडी फलाटावर उतरतात. तुषार इतके उडतात की फलाट कायम ओला असतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला घातलेल्यांनी दारातूनच पाहावे. उन्हाळ्यात तिथे लोककथेतल्या वनदेवतेच्या वेषात एक नर्तकी संगीताच्या तालावर कड्यावर येते. काहींना ते फार आवडते. मला त्या पाच मिनिटांत नुसता धबधबा पाहणे अधिक पसंत आहे.

इथे सर्वांत महत्त्वाची सूचना येते. ‘नॉर्वे इन अ नटशेल’ या नावाने विकली जाणारी सहल फार लोकप्रिय आहे: ऑस्लोहून म्युरदाल, तिथून फ्लोम, फ्लोमहून बोटीने गुडवांगेन, बसने वॉस आणि पुन्हा रेल्वेने बर्गन. आपल्याकडच्या अनेक सहल कंपन्यांच्या कार्यक्रमांतही हाच मार्ग असतो. मार्ग उत्तमच आहे. माझा आक्षेप तो एका दिवसात उरकण्याला आहे. पहाटे उठून निघायचे, चार-पाच वेळा वाहन बदलायचे, प्रत्येक ठिकाणी सामान आणि माणसे मोजायची आणि रात्री आठ-नऊच्या पुढे बर्गनला पोहोचायचे, यात वृद्ध मंडळींचे आणि मुलांचे हाल होतात आणि दुपारनंतर कुणाचेही लक्ष बाहेर राहत नाही. नॅरोयफियॉर्ड, ज्याला २००५ मध्ये गायरांगरफियॉर्डसह जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तो अरुंद ठिकाणी केवळ २५० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे सरळ उभे आहेत. फ्लोम ते गुडवांगेन या दोन तासांच्या बोटीत याच भागासाठी आलेले कितीतरी प्रवासी मी डोके टेकून झोपलेले पाहिले आहेत. म्हणून फ्लोमला किंवा शेजारच्या आउरलांडला एक मुक्काम करावा. संध्याकाळी दिवसभराचे प्रवासी आणि मोठ्या क्रूझ बोटी निघून गेल्या की ते खोरे अक्षरशः मोकळे होते. दुसऱ्या दिवशी निवांत बोट घ्यावी. फ्लोममध्ये खोल्या महाग आणि मोजक्या आहेत, त्यामुळे आधी खोली मिळते का ते पाहावे आणि मग गाडीची तारीख ठरवावी.

या सहलीचे सगळे टप्पे सुटेही काढता येतात: रेल्वेची तिकिटे एकीकडे, बोटीचे दुसरीकडे, बस तिसरीकडे. सुट्या तिकिटांत, विशेषतः स्वस्त रेल्वेभाडे मिळाले तर, खर्च कमी होतो आणि मुक्काम मनासारखा ठरवता येतो. मात्र एक टप्पा चुकला तर पुढच्या जोडणीची जबाबदारी आपली. ज्यांना अॅप, वेळापत्रके आणि बदललेल्या वेळा यांचा कंटाळा आहे, त्यांनी एकत्रित तिकीट घ्यावे. तेही दोन दिवसांत विभागून घेता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

डब्यांविषयी सांगायचे तर या मार्गावर धावणारे बरेच डबे १९८० च्या दशकातले आहेत. ते स्वच्छ आणि उबदार आहेत, खिडक्या मोठ्या आहेत आणि आसने बसायला चांगली आहेत, पण दाराशी पायऱ्या आहेत. पंचवीस किलोची सुटकेस घेऊन ज्येष्ठ माणसाने एकट्याने चढणे कठीण आहे. चाकाच्या खुर्चीसाठी ठरावीक डब्यात उचलक यंत्र असते आणि त्याची गरज आरक्षणाच्या वेळीच कळवावी. मोठ्या बॅगा ठेवायची जागा डब्याच्या टोकांना असते. ती ऑस्लोलाच भरते, त्यामुळे गाडी लागल्याबरोबर चढलेले बरे. नव्या गाड्यांची मागणी स्टाडलर या कंपनीकडे २०२३ मध्ये नोंदवली गेली आहे, तेव्हा हे चित्र पुढे बदलेल. प्रसाधनगृहे चांगली असतात. स्थानकांवरच्या प्रसाधनगृहांना बहुतेक ठिकाणी पैसे पडतात आणि तेही कार्डाने भरावे लागतात, म्हणून गाडीतच सोय पाहावी.

खाण्याबाबत मात्र तयारी हवी. कॅफेच्या डब्यात कॉफी, वेलदोड्याच्या वासाचे गोड पाव, सँडविच आणि काही गरम पदार्थ मिळतात. ते पाव चविष्ट असतात, पण काटेकोर शाकाहारी माणसाने सात तास त्यांच्या भरवशावर काढू नयेत, आणि दोन कॉफ्या व दोन पाव यांतच हजारभर रुपये सहज जातात. नॉर्वेजियन लोक स्वतःही घरून बांधून आणलेला डबाच उघडतात, त्यामुळे संकोचाचे काही कारण नाही. आदल्या दिवशी किवी, रेमा १००० किंवा कूप यांपैकी एखाद्या किराणा दुकानातून पाव, फळे, दही, काकडी-टोमॅटो आणि तिथले तपकिरी चीज घ्यावे. हे चीज गोडसर, थोडे आपल्या खव्याच्या अंगाने जाणारे असते आणि लहान मुलांनाही चालते. रविवारी मोठी किराणा दुकाने बंद असतात, हे विसरू नये. सोमवारी सकाळी निघायचे असेल तर खरेदी शनिवारीच करावी, किंवा ऑस्लो मुख्य स्थानकातल्या दुकानावर थोडे अधिक पैसे खर्च करायची तयारी ठेवावी. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरजच नाही.

भारतातून खाद्यपदार्थ नेताना एक नियम पाळावाच लागतो. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, लोणी घरीच ठेवावे. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, तेलावरच्या कडक पुऱ्या हे सगळे टिकाऊ आहे आणि गाडीत खायलाही सुटसुटीत आहे. डबा उघडताना तेवढा लसणाच्या चटणीचा विचार करावा, कारण काचा उघडत नाहीत. स्वतःजवळची दारू गाडीत पिण्यास परवानगी नाही, हेही सोबतच्या मंडळींना आधी सांगून ठेवावे.

या सेवेची खरी उणीव मार्गात आहे. बराचसा मार्ग एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते आणि एका गाडीचा उशीर दुसरीला लागतो. शिवाय हिमवादळ, दरड, पूर यांपुढे कुणाचे चालत नाही. ऑगस्ट २०२३ मधल्या ‘हान्स’ वादळाने ऑस्लोहून उत्तरेला ट्रोंडहाइमकडे जाणाऱ्या डोव्रे मार्गावरचा रांडक्लेव्ह पूल कोसळला आणि तो मार्ग कित्येक महिने बंद राहिला. देखभालीची मोठी कामे उन्हाळ्यात काढली जातात, म्हणजे नेमकी आपल्या सहलींच्या मोसमात. अशा वेळी काही टप्प्यावर गाडीऐवजी बस दिली जाते. अॅपवर ‘बुस फोर तोग’ अशी सूचना दिसली तर तिचा अर्थ हा, आणि तिकीट काढण्यापूर्वी निवडलेल्या तारखेला ती नाही ना, हे पाहून घ्यावे. ज्या प्रवासासाठी आपण इतक्या लांब आलो त्याचा मधला तुकडा बसमधून जाणे फार खटकते. त्याच कारणाने बर्गनहून परतीचे आंतरराष्ट्रीय विमान असेल तर गाडीने पोहोचण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांत किमान एक रात्र ठेवावी.

रात्रीच्या गाडीविषयी विचारणा होते. ती अकराच्या सुमारास निघते आणि सकाळी लवकर पोहोचवते. झोपायचे कक्षही असतात. हॉटेलची एक रात्र वाचते, हे खरे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने ती घेऊ नये, कारण संपूर्ण पठार झोपेत निघून जाते. एका बाजूने दिवसाची गाडी घेऊन परतताना मात्र ती अतिशय सोयीची आहे.

वॉसनंतरचा शेवटचा सव्वा तास बोगद्यांत आणि फियॉर्डच्या काठाने जातो. बोगदे इतके लागोपाठ येतात की छायाचित्रे काढण्याचा नाद सोडून नुसते पाहिलेले बरे. आर्ना सोडल्यावर उल्रिकेन डोंगराच्या पोटातला साडेसात किलोमीटरांचा बोगदा लागतो आणि तो संपला की बर्गन. स्थानक गावाच्या मध्यात आहे. ब्रिगेनची जुनी लाकडी वखारघरे, जी १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथून पायी पंधरा मिनिटांवर आहेत. बर्गनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, तेव्हा रेनकोट बॅगेच्या तळाशी ठेवू नये. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण पावसाबरोबर वारा असतो. हॉटेल चालण्याच्या अंतरात नसेल किंवा पुढे विमानतळ गाठायचा असेल, तर स्थानकाजवळूनच सुटणारी ‘बीबानेन’ ही ट्राम थेट फ्लेसलांड विमानतळापर्यंत जाते. तिला पाऊण तास लागतो, भाडे टॅक्सीच्या तुलनेत अगदी थोडे असते आणि तिकीट चढण्यापूर्वी अॅपवर किंवा थांब्यावरच्या यंत्रातून काढायचे असते.